कुंकू लागलेली सीडी

बाबा, आज दसरा. सकाळी तुमचा कम्प्युटर उघडला, ब्रशने धूळ झाडली, पंख्यामागे साचलेली काजळी पुसली, हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवलं आणि सिस्टीम नव्याने टाकायला बसले. दसऱ्याला मशीन उघडायची आणि सीझन सुरू झाला की हात लावायचा नाही, हा तुमचा, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमधला कायदा या घरात अजून चालतो. माझी परीक्षा म्हणजे सीझन. त्या दिवसांत स्क्रीनवर अपडेटची सूचना आली की तुम्ही तिलाच दम द्यायचात, "आता नाही बाप्पा, चालू मशीनले कोनी पाना लावते का!" तुमच्याशी मी असं पुस्तकी कधी बोलले नाही, पण लिहायला बसलं की शाळेतली मराठीच येते. हसू नका.

मी कम्प्युटरचा क्लास लावला त्या वर्षांत कापसाची पार रया गेली होती. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतलं तुमचं जिनिंग, जिथे दिवाळीनंतर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची, ते आज चालू तर उद्या बंद असं करत होतं. तुम्ही तिथले फिटर. मग गोदामातून मशीनचे पितळी पार्ट गायब झाले आणि सुटीच्या वेळी गेटवर कामगारांची झडती सुरू झाली. एका संध्याकाळी मी क्लासमधून सायकलने येतेय. रस्त्यावरून दिसतं, तुम्ही हात वर करून उभे आहात आणि चौकीदार तुमच्या डब्याचं झाकण काढून आत पाहतोय. तुम्हीही मला पाहिलंत. घरी येऊन नेहमीसारखा चहा मागितलात, आणि मग आईला म्हणालात, "डबा घासून टाक चांगला, दुसऱ्याचे हात लागले त्याले." थोड्याच दिवसांत जिनिंग बंद पडलं. तोंडावर तुम्हाला चोर कुणी म्हटलं नाही, पण तुम्ही चोर नाही असंही कुणी म्हटलं नाही. वस्तीत लोक नमस्कार करायचे आणि जरा जास्तच गोड बोलायचे. मला त्यांचा संताप यायचा.

कम्प्युटर त्याच पावसाळ्यात आला. आतेभाऊ नोकरीला पुण्याला निघाला आणि त्याचा जुना आपल्याकडे ठेवून गेला, आतून सगळा पुसून कोरा केलेला. मला क्लासमध्ये शिकवायचे तीच सिस्टीम हवी होती. मामा लगेच दुकानातून सीडी घेऊन आले, चोरून उतरवलेली, वर स्केचपेनने नाव लिहिलेलं.

"भाऊजी, सारं यवतमाळ हेच टाकते."

"इकत घेतलेली हाये का कोनाची?"

"काय जी तुमी बी! कोन पाह्याले येते?"

"मी पाह्यतो ना," तुम्ही म्हणालात, आणि मामांसाठी पोहे टाकायला आईला सांगितलंत. मी पाय आपटत आत गेले. परीक्षा माझी होती ना!

मग वाचनालयातल्या मासिकासोबत आलेली, वेगळ्याच एका सिस्टीमची फुकटची सीडी तुम्ही मागून आणलीत. फुकट म्हटल्यावर तुमचा संशय आणखीच वाढला. माझ्यापुढे डिक्शनरी ठेवून त्या सिस्टीमच्या इंग्रजी अटी वाचून घेतल्यात. वापरा, हवी तर बदला, दुसऱ्यालाही द्या.

"दुसऱ्याले देल्ली तरी चालते? तसं लिहून हाये?"

"हो, लिहून हाये."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तुम्ही डिक्शनरी मिटलीत. मग म्हणालात, "मोठ्या मनाचा मानूस दिसते बनवनारा." इतका हलका झालेला तुमचा चेहरा मी त्या वर्षात पाहिलाच नव्हता.

दसऱ्याला पाटावर पाने, पक्कड, हातोडी मांडलीत, शेजारी ती सीडी ठेवलीत आणि सगळ्यांना कुंकवाचं बोट लावलंत. सीडीला नेमकं चकाकत्या बाजूला, आरशासारखं तोंड तिकडे दिसतं म्हणून! सिस्टीम अर्ध्यात अडकली. पुन्हा टाकली, पुन्हा तिथेच. तुम्ही कम्प्युटरला दोष दिलात, मग वायरिंगला. शेवटी मी सीडी बाहेर काढली, तर मशीन वाचतं त्याच बाजूला कुंकू फासलेलं, आणि मला हसू आवरेना. तुम्ही कापसाचा बोळा घेऊन ती पुसताय आणि आई म्हणतेय, "घ्या! तुमची पूजा मशीनले नाही पचली." तुम्हीही हसलात, त्या झडतीनंतर पहिल्यांदा. लोक सोनं द्यायला आले तोवर स्क्रीनवर आपल्या तिघांची नावं उमटली होती. सिस्टीम डिस्कच्या एका भागात आणि आपल्या तिघांच्या फायली ठेवायच्या खोल्या दुसऱ्या भागात, अशी मांडणी तुम्ही माझ्याकडून करून घेतलीत, बियाणं विकायच्या मालातून बाजूला काढतात तशी. सिस्टीम पुसली तरी खोल्या शाबूत. तुमच्या खोलीचा पासवर्ड तुम्ही मला सांगून ठेवलात, माझा मात्र कधी विचारला नाहीत. मी विचारलं, काहून? तर म्हणे, "ज्याची खोली त्याची. आपन कायले डोकावून पाह्याव?"

परीक्षा पास झाले, बाबा. दोन सिस्टीममध्ये बटणं इकडची तिकडे असतात एवढंच, बोटं तीच. ऑफिसात आता मी ती क्लासमधली सिस्टीम वापरते. विकत घेतलेली आहे, काळजी नको. तुम्ही गेल्यावरही दसऱ्याला घरची सिस्टीम बदलत राहिले आणि तिन्ही खोल्या तशाच उचलून पुढे नेत राहिले.

काल बाजारात फुलं घ्यायला गेले तर तो चौकीदार भेटला, पार वाकलाय. मला निरखून म्हणाला, "फिटरची पोरगी ना तू? तुह्या बापाच्या डब्यात कधी काही निंघालं नाही व माय. पार्ट मालकाच्या पुतन्यानंच इकलते. आमाले मांगून समजलं." एवढं बोलून तो झेंडू निवडायला लागला. मी तिथेच, भर बाजारात रडले. घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबवला नाही.

"मले काहून सांगून राह्यली? मले तं मालूमच होतं. त्याईले सांग."

म्हणून सांगतेय. हे पत्र तुमच्या खोलीत ठेवून द्यावं असं मनात होतं. पण त्यासाठी ती उघडावी लागेल, आणि तुम्ही गेल्यापासून मी ती एकदाही उघडलेली नाही. पासवर्ड पाठ आहे. आत काय असेल, एखादं अर्धवट टाइप केलेलं काही, नाहीतर नुसतीच रिकामी खोली, मला माहीत नाही. पण टाइप करायला बोट उचललं की ते गेट दिसतं आणि वर केलेले तुमचे हात दिसतात. तुमच्या सामानात आता कुणी हात घालायचा नाही, लेकीनेसुद्धा नाही. तेव्हा पत्र माझ्याच खोलीत राहील. पण खरं सांगू का बाबा, एकदा उघडून पाहावं असं मला दर दसऱ्याला फार वाटतं.