डाळीच्या पाण्याचं रेशीम

आरमोरी, १२ सप्टेंबर १९५७
शाळेत शास्त्र मीच शिकवतो, तेव्हा रेशमाला घाबरण्याचं कारण नाही. पत्रू ढिवराकडून टोपलीभर कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, अळ्या आणल्या. पत्रू म्हणाला, ऐनाच्या झाडाचा पाला घाला गुरुजी, बाकी काई करू नका.

यंदा भाऊबीजेला वच्छला वरोऱ्याला माहेरी कोशाचं लुगडं नेसूनच जाणार. गेल्या वर्षी ठिगळ लपवत बसली होती बिचारी. मला फार लागलं ते. शब्द दिला आहे.

१४ सप्टेंबर
पुस्तक वाचलं. रेशीम म्हणजे प्रोटीन. पाल्यात ते नावाला. अळी साध्या रसातून कणाला कण जोडत महिनाभर खपते. तयार प्रोटीनच दिलं तर? आठ दिवसांत काम फत्ते! उद्यापासून पाला बंद, तुरीच्या डाळीचं पाणी सुरू.

१५ सप्टेंबर, सकाळी ७
वाटीकडे बघतही नाहीत. लागेल सवय.

१७ सप्टेंबर
लागली नाही. काही अळ्या वच्छलेच्या तांदळात सापडल्या. ती म्हणाली, त्याइले पाला काऊन नाई देत? शास्त्र समजावलं. तर म्हणते, गाय गवत खाऊनच दूध देते, तिले दूध पाजता का? अगदीच अशास्त्रीय प्रश्न. उत्तर दिलं असतं, शाळेची वेळ झाली होती.

२० सप्टेंबर
दूध दिलं. मुंग्यांना आवडलं.

२२ सप्टेंबर
निम्म्याहून जास्त मेल्या. माझंही जेवण जाईना. आजपासून पाला, पण डाळीचं पाणी शिंपडून. तत्त्व सोडायचं नाही.

२६ सप्टेंबर
सगळ्या गेल्या. एक तेवढी सापडतच नाही. वच्छलेला सांगितलं, प्रयोग जवळजवळ यशस्वी, फक्त रेशीम राहिलं. ती रिकामी टोपली घेऊन परसात गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२१ ऑक्टोबर
वच्छलेचा भाऊ मुखरू न्यायला आला. ती तेच लुगडं नेसली, ठिगळावर पदर ओढून. मला मान वर करवेना.

निघताना तिने मला परसातल्या ऐनाखाली नेलं. फांदीला एक कोश लोंबत होता. सापडत नव्हती ती अळी तिनेच पाल्यावर सोडली होती म्हणे. मोटारीत बसताना म्हणाली, मी येईपर्यंत त्याले काई खाऊ घालू नका.

२२ ऑक्टोबर
घर खायला उठलं आहे. डाळीचं पाणी काढलं, वाटी घेऊन ऐनाखाली उभा राहिलो. शिंपडलं नाही. मीच प्यालो.

संध्याकाळ झाली. माझ्यातून रेशीम काही निघालं नाही. ढेकरसुद्धा नाही.