हिवतापाच्या गोळ्या

सोमवार, ५ सप्टेंबर १९७७

आज सासूवर हात उचलला. नुसता हात नाही — उलथनं. मनगटावर बसलं. आत्याबाई कळवळून खाली बसल्या आणि मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. नाहीच वाटलं!

धुणं घेऊन घरात आले तर हंबीर घशातून घरघरत होता. पोराला नीट रडतासुद्धा येत नाही. पोटावर दोन डाग. ताजे, कडेची कातडी सुटलेली. विळा चुलीत तापवून आत्याबाईंनी डागलं होतं माझ्या लेकराला! तीन वर्षं आठ महिन्यांचा झाला तरी बोलत नाही, धरल्याशिवाय उभा राहत नाही. कुणा देवऋष्यानं म्हणे सांगितलं, बेंबीच्या दोन्ही अंगांना डाग दिले की जीभ सुटते. ‘त्येच्या भल्यासाठनंच केलं गं,’ म्हणतात. उलथनं चुलीपाशीच पडलं होतं.

६ सप्टेंबर

म्हातारीचा हात सुजलाय. हंबीरला खोबरेल लावलं. तिला काही लावलं नाही.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

ह्यांना बेळगावला पलटणीत पत्र टाकलं. सगळं लिहिलं. तुमच्या आईनं तुमच्या पोराला जनावरासारखं डागलं. आणि मिरजेचे डॉक्टर काय म्हणाले तेही लिहिलं. आता लपवायचं कशाला?

उन्हाळ्यात माहेरी सांगलीला गेले होते, तेव्हा हंबीरला मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला — हा पोटात असताना ताप होता का? होता की. पाचव्या महिन्यापासून दिवसाआड हिव भरायचं, चार गोधड्या घेतल्या तरी दात वाजायचे. जन्मला तेव्हा वजन? पावणेचार पौंड. मग ते सावकाश बोलले. हिवतापानं आईचं रक्त कमी होतं, पोटातल्या मुलाला पुरेसं पोचत नाही, पुढं डोकं, हातपाय, बोलणं, सगळंच मागं पडू शकतं. ह्याचं त्यानंच झालं असं नक्की नाही सांगता येणार, पण शक्य आहे. गोळ्या घेतल्या नव्हत्या का?

सासूनं घेऊ दिल्या नाहीत, मी म्हणाले. गोळ्या उष्ण, पोट पडेल म्हणाली. अडाणी बाई!

घरी आल्यावर म्हातारीला तोंडावर हेच सुनावलं. विहिरीवर चार बायकांपुढंही सुनावलं. एक शब्द बोलली नाही. काय बोलणार?

सोमवार, १९ सप्टेंबर

हिव भरलं. दुपारी बारापासून तीनपर्यंत. मग अंग तव्यासारखं तापलं, मग घामानं लुगडं ओलंचिंब.

पाचवा महिना चालू आहे. पुन्हा पाचवाच!

२१ सप्टेंबर

आज परत. त्याच वेळेला. भिंतीवर डोकं आपटून घेतलं. एक हंबीर पुरे नाही का देवा?

गुरुवार, २२ सप्टेंबर

हिवतापवाले नारायणराव पंधरवड्याच्या फेरीला आले. बोटाला सुई टोचली, काचेवर रक्त घेतलं, दारामागच्या भिंतीवर तारीख टाकली. चार गोळ्या दिल्या. जेवून एकदम घ्या म्हणाले, आठ महिन्यांच्या बाईलाही देतो आम्ही, काही होत नाही. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

गोळ्या कोनाड्यात ठेवल्या आहेत. घेईन. आज मळमळतंय.

शनिवार, २४ सप्टेंबर

हे रजा काढून आले. पत्र खिशातच होतं, घामानं भिजलेलं. हंबीरचा सदरा वर करून पाहिलं आणि डोकंच फिरलं. पाण्याचा हंडा लाथेनं उडवला. चूल फोडली. देव्हाऱ्यातले टाक अंगणात फेकले. मग आईच्या झिंज्या धरून तिला सोप्यात ओढत आणलं. ‘आये, आसामात आमी आठवड्याला गोळी खायचो, कुनाचं पोट पडलं सांग! का न्हाई दिलीस हिला?’

एक थोबाडीत. दुसरी. म्हातारीचं तोंड रक्तानं भरलं. ती ह्यांच्याकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती.

मी दाराला टेकून उभी होते. अडवलं नाही.

उद्या सकाळच्या एस.टी.नं म्हसवडला जायचं, लेकीकडं, शालूबाईकडं. पुन्हा या घरात पाऊल टाकलंस तर तंगडी तोडीन — स्वतःच्या आईला म्हणाले. म्हातारी भांडी आवरायला लागली.

रविवार, २५ सप्टेंबर

गेली. पण जायच्या आधी काय केलं ते लिहिते.

हे स्टँडवर गाडी बघायला गेले होते. मी अंथरुणात होते, हिव अजून भरायचं होतं. म्हातारी आली ती सरळ छातीवरच बसली! भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला. मग कोनाड्यातल्या गोळ्या काढल्या. अजूनही सुजलेल्या हातानं माझा जबडा धरला. मी तिला चावले, नखांनी ओरबाडलं. सोडलं नाही. एक गोळी, पाणी, नाक दाबलं. दुसरी. तिसरी. चौथी. मी गिळेपर्यंत तिनं माझ्या तोंडावरचा हात काढला नाही. तिच्या ओठातून रक्त माझ्या गालावर पडत होतं.

‘ह्या बारीला माझ्यादेखत गिळ,’ म्हणाली.

तासभर उशाशी बसून राहिली. मला ओकारी आली की पाठ चोळायची, आणि तोंड दाबून धरायची. मग गाठोडं उचललं, हंबीरच्या पोटावर तेल लावलं आणि निघाली. हे पुढं, ती मागं.

मंगळवार, २७ सप्टेंबर

आज हिव आलं नाही. बारा वाजले, तीन वाजले — नाही आलं.

खरं लिहिते. मागच्या खेपेला आत्याबाई स्वतः रहिमतपूरच्या दवाखान्यात चालत गेल्या होत्या, गोळ्या त्यांनीच आणल्या, त्यांनीच माझ्या तळहातावर ठेवल्या. उष्ण असतात, पोट पडेल, हे सांगलीहून माझ्या आईनं पत्रात लिहिलं होतं. मी मॅट्रिक झालेली. पाठ फिरवून गोळ्या मोरीत थुंकून टाकल्या. त्यांनी पाहिलं होतं. चार वर्षं कुणाला बोलल्या नाहीत. शनिवारी मार खातानासुद्धा नाही.

हे रानातून यायची वेळ झाली. वही उघडीच ठेवते.