लांबची अर्धांगी

अहो,

इथूनच पाया पडते. मी सुखरूप आहे, खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर मिळतं. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? धाकटी शाळेत जाताना रडत नाही ना?

दवाखान्यात माझं काम तेच, अर्धांगवायू झालेल्यांना कुशीवर वळवायचं, तोंड पुसायचं. काल एक गवंडी आणला, तुमच्याच वयाचा. त्याची बायको सांगत होती, "बरं वाटतंय म्हणाले, बीपीची गोळी बंद केली." अगदी तुमच्या मागच्या पत्रातलं वाक्य! अहो, बीपी आतल्या आत वाढतं, कळतसुद्धा नाही.

पण सांगून थकले. तुम्ही ताटात वरून मीठ घेणार, हात धुतला की विडी पेटवणार. चाला म्हटलं तर "दुकानात दिवसभर उभाच असतो" म्हणणार. गिऱ्हाइकाच्या खुर्चीभोवती फिरणं म्हणजे चालणं नव्हे! पालथ्या घड्यावर पाणी. या पत्रातही विड्याच गुंडाळाल.

चारचौघांत मला कौतुकाने अर्धांगी म्हणता. उद्या तुमचं अर्धं अंग गेलं, तर ही अर्धांगी इथे कुणा दुसरीच्या नवऱ्याला कुशीवर वळवत असेल.

तुमची,
लांबून ओरडून घसा बसलेली