लाल फडकीवाली

करंजतळ तांडा, १४ जानेवारी २००७

चि. सौ. निलमला मिराबाई आजीचा अ. आ. वि. वि. पत्र भेटलं. अक्षर मोठं काढत जाय. डाक्टर म्हणला, काचबिंदू हाय, दोन्ही डोळे हळूहळू जाणार. जाऊ दे, काय नवं बघायचं राहिलं, तुझं लेकरू सोडून.

आपलं टेसन बंद होऊन राहिलं. छोटे रूळ काढून मोठे टाकणार म्हणे. माझ्या आजेसासऱ्यानं बैलांच्या पाठीवर खडी वाहिली, तवा हे टेसन झालं. तवापासून गाडी तांड्याच्या दारात थांबती. शेवटची गाडी जायच्या आत बाळंतपणाला ये. इथं ना सडक ना बस. मागून येते म्हणशील तर कशावर येशील, म्हशीवर?

कागद संपला, माया न्हाई.
मिराबाई

वाशीम, २ फेब्रुवारी २००७

ती. आजीस निलमचा शि. सा. न. वि. वि. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपण इथं दवाखान्यापाशीच होईल. हे पेपर वाचत बसले. नवी गाडी सुरू झाली की लेकरू घेऊन पहिल्याच गाडीनं येते. रागावू नकोस.

तुझ्या मायेची,
निलम

करंजतळ तांडा, २० नोव्हेंबर २००८

चि. सौ. निलमला अ. आ. वि. वि. नवी गाडी आली आन् गेली. करंजतळला थांबत न्हाई. नावाची पाटी बी काढून नेली. तुझ्या धर्मसिंगकाकानं अर्ज देला. साहेब म्हणला, इथं उतरतंय कोण? काका म्हणला, थांबली तर उतरतील. बराबर बोलला, पण साहेब चहा पिऊन राहिला होता.

उजवा डोळा गेला. डाव्यानं ठळक तेवढं दिसतं. तुझा प्रेमदास दीड वर्षाचा झाला, अजून तोंड बघितलं न्हाई. सासूला विचार, मुहूर्त काढायचा हाय का.

राग हाय, लोभ बी हाय.
मिराबाई

वाशीम, १० डिसेंबर २००८

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. ह्यांना हैदराबादेत काम लागलं. येत्या २१ तारखेला सकाळच्या गाडीनं सगळे जाणार. वसमतला उतरून बैलगाडीनं तांड्यावर जाऊ म्हटलं, तर सासूबाई नाही म्हणाल्या. तू जुन्या फलाटावर उभी राहा. प्रेमदासला खिडकीत धरीन.

तुझी,
निलम

हैदराबाद, २ जानेवारी २००९

ती. आजीस शि. सा. न. वि. वि. आजी, तू दिसलीस. विहिरीपाशी डोक्यावर लाल फडकी, तिच्यावरचे आरसे चमकत होते, दोन्ही हात हलवत होतीस. प्रेमदासला म्हटलं, ही तुझी पणजी. तो अजून हात हलवतो. आता सांग, तुला तो दिसला ना?

वाट बघते,
निलम

करंजतळ तांडा, १९ जानेवारी २००९

चि. सौ. निलमला अ. आ. वि. वि. विहिरीपाशी रूपाबाई होती. तिच्या शेळ्या रुळाकडं चालल्या, म्हणून दोन्ही हातांनी हाकलत होती. तांड्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या लाल फडकीवाल्याच, तुझी काय चूक. मी फलाटावर होते, गाडीच्या दुसऱ्या अंगाला. तू सासूनं बसवलं तिथंच बसली असशील. मला काळं काळं दिसलं, वारा लागला, गेलं. मी हात हलवला. एका टोपीवाल्यानं परत हलवला, असं काका म्हणतो.

पोराला रूपाबाई पणजी म्हणून दाखवली, तर तेच राहू दे. माझ्यापेक्षा चार दात जास्त हायेत तिला.

हे काकाकडून लिहून घेतलं, पुढची पत्रं बी तोच वाचील. आता अक्षर बारीक काढलं तरी चालतं.

मिराबाई