साडेपाच की साडेसात

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय ऐशू,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आप्पांचा गुडघा कुरकुरतो, पण ते त्याच्याहून जास्त कुरकुरतात, म्हणजे तब्येत चांगली आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. मागच्या वावरातला ऊस तोडणीला आलाय. पत्र लिहितेय ते एवढ्यासाठीच, की फोनवर मी काही सांगायला लागले की तू "बरं आई, ठेवते, ऑफिसात बोलावतायत" म्हणतेस. त्या वारणेच्या दूधसंघात तुला रविवारीसुद्धा बोलावतात. पत्राला असं मध्येच ठेवता येत नाही. फार तर कपाटात टाकशील, आणि मग कधीतरी उघडशीलच. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तर बातमी अशी, की तुझी आई नेमबाजी शिकतेय.

हसून झालं की पुढं वाच. दिवाळी सरल्यावर मी तुमच्या रेंजवर नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. रविवारी सकाळी आप्पा मला गाडीवरून सोडतात आणि स्वतः लिंबाखाली पेपर घेऊन बसतात. सगळी कॉलेजातली पोरंपोरी, आणि त्यांच्यात मी, साठीला टेकलेली, पदर कमरेला खोचून. शिकवायला आता संयोगिता असते. तुझ्या शेजारी उभी राहून एवढी वर्षं नेम धरलेली पोर, तुझ्याशी भांडून तुझ्याच डब्यातली धपाटी खाणारी. मला दारात बघून तिचा चेहराच उतरला. "काकू, ऐशूचं काय सामान न्यायला आलाय काय?" म्हणाली. मी म्हटलं, "न्हाय गं, शिकायला आलोय की." तिला पटेना. तिनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी पेपर तोंडासमोर धरला.

ही बातमी बस्तीत पोचायला वेळ लागला नाही. दर्शनाला गेले तर बाळाबाईंनी मला मंदिराच्या पायरीवरच गाठलं. म्हणाल्या, "राजमती, आपण जैन, पाणी गाळून पिणारी माणसं, आनि तू हातात बंदूक धरतीस?" मी म्हटलं, "बाळाबाई, भोक पडतंय ते कागदाला. मुंगीला सुदिक धक्का लागत न्हाय." त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण मी खोटं बोलले नाही. उभं राहायची जागा मी आधी मऊ केरसुणीनं झाडून घेते, मुंग्या असल्या तर कडेला लावते, मगच उभी राहते. पोरं आधी हसायची. आता एकटीदुकटी माझ्याबरोबर झाडू लागते. तू चौदा वर्षांची असताना पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलंस, तेव्हाही बस्तीत असंच बोलले होते, आणि तेव्हा आप्पांनी हेच उत्तर दिलं होतं. मी आपलं त्यांचं उत्तर उसनं घेतलं.

पहिल्या दिवशी संयोगितानं पिस्तूल कसं धरायचं ते दाखवलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी ते डाव्या हातानं उचललं. "काकू, उजवा, उजवा," ती म्हणाली. मी म्हटलं, "डावाच शिकव." ती माझ्याकडं बघत राहिली. मी कधी डावखुरी नव्हते, हे तिला ठाऊक आहे. आपल्या घरी भाकरी थापताना तिनं मला शंभर वेळा बघितलंय. पण तिनं विचारलं नाही. माझा डावा खांदा धरून सरळ केला, पाय कुठं ठेवायचे ते सांगितलं, आणि तेव्हापासून मला डाव्या हातानंच शिकवते. गुणाची आहे पोर. तुझी चौकशी दर रविवारी ओठांवर येते तिच्या, आणि दर वेळी गिळते.

माझा डावा हात अगदीच अडाणी निघाला. पहिले दोन रविवार माझा कागद कोरा. तिसऱ्या रविवारी बरोबर काळ्या ठिपक्यात भोक पडलं, पण ते शेजारच्या पोराच्या कागदावर. पोरगं खूश झालं. संयोगिता हसून खाली बसली. मग म्हणाली, "काकू, ठिपक्याकडं बघू नका. पुढची माशी बघा. ठिपका धुरकट दिसला तरी चालतोय, माशी साफ दिसाय पायजे." नळीच्या टोकावरच्या त्या बारक्या उंचवट्याला माशी म्हणतात हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. तू घरी बोलायचीस तेव्हा मला वाटायचं, रेंजवर माश्या फार आहेत.

पण खरी अडचण नेमाची नव्हती. तू वापरायचीस तसलं पिस्तूल, मागं खेचून गोळी चढवायचं, ते एका हाताचं कामच नाही. एका हातानं धरायचं आणि दुसऱ्यानं जोर लावून वरचा भाग मागं ओढायचा. मी उजवा हात मुद्दाम ढिला सोडून, नुसत्या चिमटीनं ओढून बघितलं. जमलं नाही. संयोगितानं मग रिव्हॉल्व्हर काढलं. त्यात गोल चक्रात गोळ्या, ओढायचं काही नाही. पण त्याचा चाप भलता जड. त्या एका चापानंच गोळीवर आपटणारा मागचा घोडा मागं न्यायचा आणि सोडायचाही. बोटाबरोबर माझं मनगटच वळायचं आणि गोळी खाली मातीत जायची.

मी घरी येऊन विचार करत बसायचे. आप्पा म्हणायचे, "ह्या वयात एवढा घोर? ऑलिंपिकला जायाचंय व्हय?" मी भाकरी थापत राहायचे. ऐशू, रस्त्यावर ट्रॉलीतून सांडलेली ती उसाची कांडी मला अजून दिसतात. गळीत हंगामात आपल्या रस्त्यावर ती पडलेलीच असतात, आपण सगळे त्यांच्यावरून जातो. त्या दिवशी दव होतं आणि तुझी गाडी घसरली. ना कुणी धडक दिली, ना कुणाची चूक, रागवायलासुद्धा कोणी मिळालं नाही. उजव्या खांद्यातली शीर ताणली. दोन ऑपरेशनं झाली, आणि डॉक्टर म्हणाले, बोटं चालतील, चिमटीत धरता येईल, पण हात वर उचलणार नाही. तू तेव्हा रडली नाहीस. तुझं पिस्तूल क्लबातल्या एका मुलीला देऊन टाकलंस, नोकरी धरलीस, वारणानगरला खोली घेतलीस. सगळं इतकं नीटनेटकं केलंस, की आम्हाला तुला जवळ घ्यायला फटच सापडली नाही. तुझी बस कोल्हापुरात येते तेव्हा रेंजचा रस्ता नको म्हणून तू अलीकडंच उतरून रिक्षा करतेस, हे आप्पांनी मला सांगितलं. त्यांनी ते कुणाकडून ऐकलं ते मी विचारलं नाही.

असो. तर क्लबात एका जुन्या सभासदानं दिलेलं एक रिव्हॉल्व्हर आहे, सिंगल ॲक्शन. दर गोळीला घोडा अंगठ्यानं मागं ओढायचा, मगच चाप चालतो. नुसता चाप दाबला तर काही होत नाही. पोरांना ते आवडत नाही, फार सावकाश म्हणतात. मला पहिल्याच दिवशी आवडलं. जड काम अंगठा करतो, आणि ते झालं की चाप इतका हलका, की श्वास सोडता सोडता सुटतो. मनगट जागचं हलत नाही. बारकी गोळी, धक्का जवळजवळ नाहीच. आणि गंमत ऐक. गोळ्या भरायचं बारकं दार उजव्या अंगाला असतं. उजव्या हाताच्या माणसाला भरताना हातांची अदलाबदल करावी लागते. पण डाव्या हातात धरलं, तर ते दार बरोबर उजव्या हातापुढं येतं. मग एक एक गोळी आत सरकवायची, चिमटी पुरते. रिकाम्या पुंगळ्याही तशाच एक एक ढकलून काढायच्या. जोर कुठंच लागत नाही. ज्यानं कुणी हे बनवलं, त्याच्या मनात डाव्या हाताची माणसं असतील असं नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संयोगिता दुसरीकडं बघत उभी राहिली.

आता नळीचा प्रश्न. क्लबातल्या रिव्हॉल्व्हरची नळी आखूड, साडेचार इंचांची. हाताला हलकी, पण मागची खाच आणि पुढची माशी इतकी जवळ, की केसाएवढी चूक झाली तरी कागदावर चार बोटं सरकते. म्हणून संयोगिता मला लक्ष्मीपुरीतल्या बंदुकीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार गणपतराव, म्हातारे, कानानं जरा कमी. त्यांच्याकडं तसलीच दोन होती. एक साडेपाच इंची, एक साडेसात. दोन्ही रिकामी करून, दाखवून, माझ्यापुढं कापडावर ठेवली. साडेसातची नळी हातात धरली आणि मला नेम म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. माशी लांब, स्वच्छ, खाचेत अशी बसते की हलली तर लगेच दिसतं. पण वजन सगळं टोकाला. तेलानं भरलेला लांब दांड्याचा झारा शेवटाला धरून उभं राहिल्यासारखं. थोड्या वेळानं मनगट आपोआप खाली झुकायला लागतं. साडेपाचची माशी तितकी लांब नाही, पण वजन मुठीतच राहतं, हात सुखानं उभा राहतो. गणपतराव म्हणाले, "बाई, लांब नळी चांगली का आखूड चांगली असं काय नसतंय. हात कुनाचा हाय ते सांगा, मग मी सांगतो." मी म्हटलं, "डावा हाय. कच्चा हाय, पन शिकलेल्या माणसाचा हाय." ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. माझ्या हातावरचे भाकरी थापून पडलेले घट्टे त्यांना दिसले असणार. म्हणाले, "मग ते माणूस कुठाय?"

मी दुकानातून बाहेर आले. परत येताना आप्पांच्या मागं गाडीवर बसून मी साडेपाच आणि साडेसातचा हिशेब करत होते, आणि आप्पा एकदम म्हणाले, "राजमती, घ्यायचं तर घेऊ. पन पोरीला न विचारता न्हाय." मी इतके दिवस समजत होते, की त्यांना वाटतंय मला म्हातारपणी छंद लागलाय. पेपर तोंडासमोर धरून ते सगळं बघत होते.

म्हणून आता सरळ सांगते. मला माझ्यासाठी रिव्हॉल्व्हर घ्यायचं नाही, घेता येणारही नाही; परवाना तुझ्या नावावर आहे, आणि तो तू अजून चालू ठेवलायस. दिवाळीत तू आली होतीस, तेव्हा तिसऱ्या प्रहरी मी वाळवणाचं ताट आणायला गच्चीवर आले. तू कारखान्याच्या धुराड्याकडं तोंड करून उभी होतीस. डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ, आणि हातात आपली इस्त्री. तुझे डोळे मिटलेले नव्हते, तू श्वास धरला होतास. हात दमून खाली आला, तू तो पुन्हा वर नेलास. मी पायरीवरून तशीच मागं फिरले, ताट गच्चीवरच राहिलं. त्या दिवसापासून मी तुझ्या डाव्या हाताला काय झेपेल ते माझ्या डाव्या हातानं शोधत होते. माझ्या हाताला साडेपाच बसतं. पण मी इस्त्री धरून तुझ्याइतका वेळ उभी राहू शकत नाही, म्हणून तुझं मला सांगता येत नाही. गणपतरावांनी दोन्ही बाजूला ठेवलीत. संयोगिता येते म्हणालीय, तू नको म्हणालीस तर नाही येणार. येत्या रविवारी ये, दोन्ही हातात धरून बघ. नको वाटलं तर कापडावर ठेवून दे, आप्पांना घेऊन आपण तिघं बाहेर मिसळ खाऊ आणि मी हा विषय पुन्हा काढणार नाही. पण ऐशू, तू एकटीनं नेम धरत होतीस ते मी पाहिलंय, आणि पाहिलं नाही असं मला आता वागता येत नाही.

तुझ्या बसची वाट बघणारी,
तुझीच
आई