चकात राहिलेला जॉब

चिखली
३ जून १९७९

चि. भिवा यास,
कस्तुरावहिनीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

चूल पेटली होती, पीठ मळून झालं होतं, पाण्याचे हंडे भरून झाले होते, आणि तवा तापला तरी मी भाकरी न टाकता थांबले होते. मागच्या खोलीतून टक-टक असा आवाज येत होता. तुझे दादा पहिल्या पाळीला निघायच्या आधी लेथ मशीनला तेल द्यायचे, त्यांच्या तेलाच्या कुपीचं बूड दाबल्याचा तो आवाज. टक-टक, जरा थांबून टक, पुन्हा टक-टक, आणि मग बराच वेळ गेल्यावर शेवटचा एक. तो वाजला की मी भाकरी तव्यावर टाकायची. ते हात धुऊन येईपर्यंत ती फुगलेली असायची. माझं घड्याळ तेच. एवढी वर्षं एकही भाकरी करपली नाही.

काल रात्रीपासून त्या जुन्या सकाळींचं हे मनात घोळत होतं, म्हणून आधी तेच लिहिलं. आता मुद्द्याचं. आज नानासाहेब विकत ठरवलेली लेथ न्यायला चाकणहून टेम्पो घेऊन आले होते आणि मी त्यांना याही खेपेला परत पाठवलं. बिचाऱ्यांनी चहा घेतला, दादांची एक आठवण सांगितली, आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले. दादांबरोबर कंपनीत इतकी वर्षं काढलेला माणूस, आता बाजाराजवळ शेड टाकून इंजिन-पंपांची दुरुस्ती करणार आहे. लेथ त्यांच्याकडे चालती राहील हे मला कळतं. पण तिच्या चकाच्या जबड्यांत अजून जॉब धरलेला आहे, भिवा. जुन्या कुपीचं बूड फुटलं होतं म्हणून दादा नवी पितळी कुपी करत होते. गेल्या ऑगस्टात त्या दुपारी दुसऱ्या पाळीला जाताना तिचं टोपण चकात तसंच ठेवून गेले. कंपनीतच छातीत कळ आली, ते परत आलेच नाहीत. चकात जॉब ठेवून मशीन कुणाच्या हवाली करू नये, असं तेच म्हणायचे. तूही ऐकलं आहेस.

म्हणून आता ही कुपी मीच पुरी करायचं ठरवलं आहे. तिचं नळकांडं तयार आहे, लांब तोटी तयार आहे, बुडाची पितळी चकती कापून खणात ठेवलेली सापडली. फक्त ती चकती दाबली तरी टक वाजत नाही. ते कसं करायचं ते लिही. तोवर मी लेथला स्वयंपाकाच्या पळीनं तेल घालते. निम्मं तिच्या पोटात, निम्मं जमिनीवर. खोलीचं दार एरवी बंदच असतं. उघडताना फार कुरकुरतं.

दुर्गेला आणि लेकरांना जवळ घेतल्याचं सांग. तुझी माया आहे तशीच राहू दे.
कस्तुरा

सातपूर, नाशिक
१२ जून १९७९

ती. वहिनीस,
भिवाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. दुर्गेनं ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणते, वहिनींनी भाकरीवर अर्धं पान लिहिलं आणि परत गेलेल्या टेम्पोवर चार ओळी, यावरून त्यांना काय जड जातंय ते ओळखा. मला ओळखता येत नाही. मी सरळ माणूस आहे, म्हणून सरळच विचारतो.

साहेबरावकाका गावाकडं सांगत फिरतात की भिवाचा डोळा भावाच्या मशीनवर होता आणि आता तो वहिनीकडून ती विकवतोय. लोकांचं मी मनावर घेत नाही. पण टेम्पो दुसऱ्यांदा परत गेला. तुझ्याही मनात तसं काही असेल, तर लिही. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण चार दिवसांनी जेवायला येईन.

अडून राहण्यासारखं तिथं काही नाही, वहिनी. पावसाळा आला. बंद खोलीत मशीन गंजून जाईल. दादांनी तिच्यावर धुळीचा कण बसू दिला नाही, आणि आपण ती गंजवायची का? नानासाहेब जुलै संपेपर्यंत थांबतो म्हणाले आहेत. त्यानंतर ते दुसरी मशीन बघतील आणि त्यांचं काही चुकणार नाही.

जॉब काढणं म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम. चकाची चावी वरच्या भोकात घालायची, डावीकडं फिरवायची, जबडे सुटले की जॉब हातात. चकतीचं तर त्याहून सोपं. स्टोव्हवर लालभडक होईपर्यंत तापव आणि चिमट्यानं उचलून गार पाण्यात टाक. स्प्रिंगसारखी कडक होईल. कारखान्यात आमच्या खात्यात दिवसभर हेच चालतं, तेव्हा डोळे झाकून कर. मग नवसागर आणि कथील लावून नळकांड्याला जोड.

धाकट्याला दात येताहेत, रात्रभर आम्हाला जागवतो. बाकी ठीक. रागावली नसशील तर लवकर लिही, रागावली असशील तर त्याहून लवकर लिही.
तुझा
भिवा

चिखली
२४ जून १९७९

चि. भिवा यास,
वहिनीचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझ्यावर संशय घ्यायचा असता तर तुला न्हाऊ घालत होते तेव्हाच घेतला असता. साबणाच्या वड्या कुठं जायच्या ते मला माहीत होतं. साहेबरावकाकांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात लिहिलं आहे की मशीन विकायचं माझ्या मनात आलं, आणि भिवाला मी कामाला लावलं. आता त्यांना दुसरं काही सांगत फिरायला लागेल.

तुझी विद्या मात्र इथं चालली नाही. तू सांगितलंस तशी चकती लालभडक केली आणि पाण्यात टाकली. बाहेर काढली तर अळूच्या पानासारखी मऊ. अंगठ्यानं दाबली ती दबली, परत यायचं नाव नाही. शेजारची सोजराबाई बघत होती. म्हणाली, तुझ्या दिराला तापवायचंच काम हाय, थंड डोक्यानं त्यानं कवा काय सांगितलंय? मी तुझी बाजू घेतली, पण फार नाही घेतली.

मग रात्री आठवलं. लहानपणी जुन्नरला मी आईबरोबर तांबटाच्या भट्टीला गोवऱ्या टाकायला जायची. आम्ही बाहेरच्या पायरीवर बसायचो. तिथून दिसायचं. हंडा भट्टीतून निघाला की मऊ असायचा. म्हातारा तांबट त्याच्यावर जवळजवळ ठोके घालत जायचा, गोल गोल, आणि ठोके खाऊन खाऊन हंडा कडक व्हायचा. तुझं लोखंड पाण्यानं कडक होत असेल. तांब्या-पितळेला मार खावा लागतो. मी दादांची लाकडी मोगरी घेतली, चकती वरवंट्याच्या पाठीवर ठेवली आणि मधून कडेपर्यंत हलके ठोके घालत गेले. दोनदा वाकडी झाली, दोनदा सरळ केली. तिसऱ्या खेपेला अंगठ्यानं दाबली, तर टक वाजलं आणि आपणहून वर आली.

भिवा, तो आवाज ऐकला आणि माझा हात पिठाच्या परातीकडे गेला. दुपारची वेळ होती, घरात पीठही मळलेलं नव्हतं. मग उठून परात पालथी घातली.

बूड मी नळकांड्याला जोडलं आहे. आच अगदी कमी ठेवली, कथील वितळेल एवढीच, म्हणजे पुन्हा मऊ पडू नये. आता टोपण राहिलं, आणि ते चकात आहे.

तू लिहितोस अर्ध्या मिनिटाचं काम. चावी डावीकडं फिरवायची हे मला ठाऊक आहे. तुझ्या दादांचा हात कसा होता तुला माहीत आहे. नळ बंद केला तर तो दुसऱ्या कुणाला उघडायचा नाही. मेतकुटाच्या डब्याचं झाकण असं आवळायचे की मला त्यांनाच हाक मारावी लागायची. मी वैतागायची. त्यांनी आवळलेलं घरातलं सगळं आता या दहा महिन्यांत सुटलं. नळ सुटले, डबे सुटले. तो चक तेवढा त्यांच्या हातानं आवळलेला तसा आहे. तो मी फिरवला की संपलं. नानासाहेबांना हे सांगता येत नव्हतं, म्हणून जॉबचं कारण सांगितलं. तुलाही तेच सांगितलं. ते कारण खोटं नाही, पण पुरतंही नाही.

मशीन गंजू द्यायची नाही, हे मलाही कळतं. कळतं आणि हात जात नाही.

लेकराच्या हिरड्यांना मध लाव. दुर्गेला म्हणावं, तिनं बरोबर ओळखलं.
माझ्यावरचा लोभ उणा करू नकोस.
कस्तुरा

सातपूर
३ जुलै १९७९

ती. वहिनीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दोनदा पत्र लिहायला बसलो आणि उठलो. चकतीची गोष्ट खात्यात सांगितली तेव्हा आमचे फोरमन पोट धरून हसले. म्हणाले, पितळ तापवून पाण्यात टाकणारा माणूस मी खात्यात ठेवलाय हे वर कळू देऊ नकोस. तेव्हा ती चूक माझी, आणि तांबटाला माझाही जयभीम.

चकाचं मी तुला आता काही सांगत नाही. फक्त एक बघ. टोपणाला पुढं तोटी बसवायला गळा असेल. त्या गळ्यात आतून आटे पाडलेले आहेत का? चक न उघडता, जॉब आहे तिथंच, तोटी त्यात फिरवून बघ. बसली नाही तर दादांचं काम अपुरं आहे. मी रजा टाकून येतो आणि आपण ते दोघं मिळून पुरं करू, मग पुढचं तू ठरव. नानासाहेबांना मी समजावीन.

पण बसली, आणि शेवटपर्यंत गेली, तर वहिनी, दादांचं काम त्या दुपारीच झालेलं होतं. मग चकात जॉब राहिला असं म्हणता येणार नाही. तो झालेला जॉब आहे, फक्त उतरवायचा आहे. आणि झालेला जॉब चकात ठेवलेला दादांना मुळीच खपायचा नाही. मी एकदा ठेवला होता, तर त्यांनी मला जेवायला बसू दिलं नव्हतं. तूच मग मागच्या दारानं ताट दिलं होतंस.

बूड वाजतं आहे ना अजून?
तुझा
भिवा

चिखली
२४ जुलै १९७९

चि. भिवा यास,
वहिनीचा जयभीम, आणि तुम्हा सगळ्यांच्या तोंडावरून हात फिरवला असं समजा. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून घडी करून ठेवलं आणि निवडायला तांदूळ घेतले. तांदळात खडा नव्हता तरी निवडत बसले. मग उठले. तोटी घेतली, टोपणाच्या गळ्याला लावली आणि फिरवली. बसली, भिवा. कुठं अडली नाही, डगमगली नाही. लोण्यात बोट जावं तशी शेवटपर्यंत गेली आणि थांबली. आत हात लावून बघितलं. कडासुद्धा कानशीनं घासून गोल केलेल्या होत्या, बोटाला लागू नये म्हणून. काहीच राहिलेलं नव्हतं. मी दहा महिने अपुरं समजत होते ते पुरं करून ते कामावर गेले होते. उशीर झाला म्हणून उतरवलं नसेल, किंवा आल्यावर मला दाखवू म्हणून ठेवलं असेल. ते आता कळायचं नाही, आणि कळायला पाहिजे असंही नाही.

चावी लावली. अर्थातच हलेना. त्यांनी आवळलेला चक तो. मी चावीला लोंबकळले, पाय भिंतीला लावला. सोजराबाई दारातून म्हणाली, अगं बाई, मशीन पाडून घेशील अंगावर. पण तिनं हात लावला नाही, आणि मीही तिला बोलावलं नाही. मग एकदम सुटला. मी खाली बसले ते बसलेच. टोपण हातात आलं तेव्हा गार होतं. का कुणास ठाऊक, मला वाटलं होतं की कोमट असेल.

टोपण जोडलं, कुपी पुरी झाली. एका जागी कथलाचा गोळा राहिला आहे. दादांनी तो घासायला लावला असता. मी राहू दिला.

नानासाहेबांना निरोप धाडला, ते परवाच्या रविवारी आले. त्या दिवशी पहाटे मी मशीनला तेल दिलं. कुठं द्यायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण आवाज पाठ होता. डोक्याशी जवळजवळ दोन छिद्रं सापडली, तेच टक-टक. पुढं एक. पलीकडच्या टोकाला पुन्हा दोन. आणि शेवटचं, ज्याला उशीर लागायचा, ते मागं भिंतीच्या बाजूला होतं. तिथं वाकून हात घालावा लागतो. तोटी इतकी लांब का केली होती ते तेव्हा समजलं. नानासाहेबांनाही मी ते मागचं छिद्र दाखवलं. ते दादांचं नाव घेऊन म्हणाले, ज्योतीरामनं मला कधी सांगितलं नाही हे. मी म्हटलं, मलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

चार माणसांनी मशीन उचलली. टेम्पो चिखलात रुतला तेव्हा सगळी गल्ली ढकलायला आली, सोजराबाई सगळ्यांत पुढं. नानासाहेबांनी कुपी मागितली, अर्ध्या चेष्टेनं. मी दिली नाही. म्हटलं, तुमची तुम्ही करा. चकती तापवायची असेल तर नाशिकला विचारू नका, एवढं सांगून ठेवते.

टेम्पो कुदळवाडीच्या वळणापर्यंत दिसत होता. तिथवर मी बघितलं. रडले, पण तू काळजी करावीस असं नाही. तुझ्या मनाला लागलं होतं ते आता धुऊन टाक. दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना घेऊन ये. मागची खोली मोकळी आहे.

आठवण ठेवतोस तशी ठेवत जा. दुसरं काही मागणं नाही.
कस्तुरा

ता. क. दुर्गा विचारेल, टेम्पो गेल्यावर वहिनींनी काय केलं म्हणून. त्या दिवशी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली झाडून काढली, कुपी घेतली, दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, आणि शेवटचा टक वाजल्यावर भाकरी तव्यावर टाकली.