बधिर गालाची सोयरीक

आंजी (मोठी),
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप हरिभाऊमामाजीले भाच्याचा, म्हणजे सुमीतचा, नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण वाकलो तर दाढ ठणकन अशी धास्ती वाटते, म्हणून यावेळी उभ्याउभ्याच घेजो.) मामीची कंबर कशी आहे? तुमचं बीपी? म्हशीनं दूध वाढवलं का? इकडे आई-बाबा मजेत आहेत, मी अर्धा मजेत आहे. डावा अर्धा. उजव्या अर्ध्याची हकीकत सांगाले हे पत्र. फोन काऊन नाई केला म्हणाल, तर परवा केलता. 'मामाजी, मी सुमीत' एवढंच म्हटलं, तर तुम्ही 'पिऊन फोन नोको करत जाऊ बाप्पा' म्हणून ठेवून देला. (चष्म्याशिवाय फोनवरचं नाव वाचत नाई तुम्ही, हे मले माहीत आहे.) प्यालो नव्हतो, तोंड बधिर होतं. म्हणून आता हे पत्र समुद्रपूरच्या गाडीत कंडक्टरजवळ देतो.

दाढेची गोष्ट अशी. उजवीकडची खालची दाढ कधीपासून किडली होती, पण ती गप होती म्हणून मीही गप होतो. (आयुष्यात मी गप बसलो असा हा एकच विषय.) मंग बाबारावकाकाच्या वावरात रोडग्यांचं जेवण झालं. रोडगा कसा, कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या आरातून काढला की बाहेरून दगड, आतून माया. मी बोलता बोलता, फोडायच्या आधीच, अख्खा चावलो. दाढेचा एक कोपरा रोडग्यात राह्यला. तवापासून घरात दोन पक्ष पडले. आनंदाबाईआत्या (सध्या आमच्याकडेच आहे, आणि ती जिथं असते तिथं मुख्यमंत्रीच असते) म्हणे, उपटून टाक, बत्तीसातली एक गेली तं काय मोर्चा निघन? बाबा म्हणत, वाचत असन तं वाचवू. भांडण मिटेपर्यंत दाढेत लवंग झाली, हिंग झाला, तुरटी झाली, कापूर झाला. तोंडात निरा किराणा दुकान झालं.

शेवटी वर्ध्याले डॉक्टर सुरभी मॅडमकडे गेलो. एकटा जातो म्हटलं तर आत्यानं चप्पल घातलीच होती. आपल्याकडे दवाखान्यात एकटा गेलेला माणूस म्हणजे ज्याचं जगात कोणी नाई. मॅडमनं एक्स-रे काढला, दाढ वाचते म्हणाल्या, रूट कॅनल करू. ते मोठं सोपं असते, मामाजी. दाढेले वरून भोक पाडायचं, मुळातली सडलेली नस बारीक बारीक सुयांनी खरडून काढायची, पोकळी धुवून भरायची, आणि वरून टोपी बसवायची. विहिरीचा गाळ काढतात तसंच, फक्त विहीर आपल्या तोंडात. आत्यानं विचारलं, 'नस काढल्यावर पोरगा बोलन ना?' मॅडम म्हणाल्या, 'बोलेल की!' आत्या म्हणाली, 'असं होय,' आणि तिचा चेहराच पडला.

काऊन पडला ते तुम्हाले माहीत आहे. माझ्या सोयरिकी माझ्या तोंडानं मोडतात. तुम्हीच आणलेलं समुद्रपूरचं स्थळ आठवा. पोरीच्या काकानं फक्त 'यंदा पाणी कसं हाय तुमच्याकडे?' एवढंच विचारलं, आणि मी त्या कास्तकार माणसाले कापसाचा इतिहास इंग्रजाच्या आधीपासून सांगत बसलो. चहावर साय आली. काका 'बैल पाहून येतो' म्हणून उठले (त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता, बैल नव्हते) ते परत आलेच नाई. ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो तिथं घंटा तरी वाजते. सोयऱ्याच्या घरी घंटा नसते.

आता मॅडमची पद्धत अशी की इंजेक्शन द्यायचं, कापसाचा बोळा द्यायचा, आणि गाल झोपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवायचं. म्हणून मी बाहेर येऊन बसलो. समोर रोहण्याचे धनंजयराव, त्यांची बायको सुलोचनाबाई आणि पोरगी अस्मिता, आर्वीले बँकेत आहे ती. आत्यानं टेकल्या टेकल्या त्यांचं गाव, वावर, मामेकूळ, सगळं खरडून काढलं. (मॅडमच्या सुया इतक्या खोल जात नाई.) मंग धनंजयराव माझ्याकडे वळले.

'काय करता जी आपण?'

मी म्हणालो, 'आं.'

'प्रोफेसर हाय,' आत्या म्हणाली.

'इंजेक्शन देलं वाटते.'

'इंजेक्शन आत्ता देलं. स्वभाव जनमाचा हाय. मोठ्या माणसासमोर तोंड नाई उघडत आमचा सुमीत.'

मामाजी, इतकं खोटं मी इतिहासातही वाचलं नाई. मी जीव तोडून सांगाले गेलो, तर बोळाच सुटला आणि धनंजयरावांच्या चपलेजवळ पडला. तो उचलाले वाकलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. 'संस्कार हायेत पोराले!' सुईमुळं डोळ्यात पाणी होतंच, ते पाहून सुलोचनाबाईले वाटलं मी गहिवरलो, मंग त्याही गहिवरल्या. या सगळ्या गोंधळात अस्मिता गालावर हात ठेवून गप बसली होती, पण तिचे खांदे हलून राह्यले होते. मंग तिनं आपला रुमाल माझ्यापुढे केला. कारण माझी लाळ गळून राह्यली होती. मले पाहून हसली, आणि हसूनही रुमाल दिला. ही सोयरीक मले मोडू द्यायची नाई, हे मी त्या बधिर अवस्थेतच पक्कं ठरवलं.

तर येत्या रविवारी ते सगळे घर पाहाले आंजीले येऊन राह्यले. दाढेची पहिली पाळी झाली, आत कच्चं सिमेंट भरलं आहे, त्या बाजूनं चावायचं नाई, बाकी काळजीचं कारण नाई. सहज कळावं म्हणून लिहिलं. तुमच्याकडून काई नको.

तुमचा भाचा,
सुमीत

ता.क. एक काम आहे. सुरभी मॅडम म्हणजे तुमच्या समुद्रपूरच्या बंडूजीची पोरगी. तर तुम्ही बंडूजीले सांगजो, त्यांनी पोरीले सांगावं, की सुमीतले रविवारी सकाळी एक इंजेक्शन मार. मी स्वतः विचारलं तर मॅडम म्हणाल्या, दुखत नाई, पाळी नाई, इंजेक्शन कशाले? त्यांना कसं सांगू, की धनंजयराव कास्तकार आहेत, पाण्याचं विचारतीलच, आणि माझं तोंड उघडं असलं तर पोरगी हातची गेली. दाढ राह्यली काय, गेली काय. पोरगी वाचवा.

ता.क. दुसरा, बुधवार. गाडी चुकली, पत्र खिशातच आहे. वरचं काम राहू द्या. काल अस्मिताचा फोन आला (नंबर आत्यानं तिच्या आईले देलता). मामाजी, ती त्या दिवशी गप होती कारण तिच्याही गालात इंजेक्शन होतं. दाढ भराले आली होती. घरी तिले सगळे रेडिओ म्हणतात. तिच्याही सोयरिकी तोंडानंच मोडल्या. एका पोराच्या बापाले तिनं कर्जाचे नियम समजावले, तर तो पोहे टाकून गेला. आम्ही दोघं एकाच वेळी बोललो, आणि दोघांनाही सगळं ऐकू आलं. तिचं म्हणणं, रविवारी आईबाबांपुढं उघड्या तोंडानं बसायचं, आणि मोडली तर मोडली म्हणून सगळं खरं सांगून टाकायचं. मले पटलं. मी भाषण तयार करून राह्यलो.

ता.क. तिसरा, गुरुवार. अस्मिताशी फोनवर बोलता बोलता मी फुटाणे खाऊन राह्यलो होतो, त्याच बाजूनं. सिमेंट निघालं. दाढ आता खरंच अशी ठणकून राह्यली की आज पहिल्यांदा अस्मिता एकटीच बोलली. मॅडमनं तातडीनं पहिली रिकामी वेळ देली. रविवार सकाळ. इंजेक्शनसकट.

तवा मामाजी, कसंही करून रविवारी येजो, आणि माझ्या शेजारीच बसजो. मी मान हलवीन, तुम्ही भाषांतर करजो. मान वर-खाली हलली तर 'हाव' म्हणजो. आडवी हलली तर म्हणजो, पोरगा लाळ पुसून राह्यला.